रस्त्याच्या मधोमध

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत राहणाऱ्या मुंबईकराच्या घरी विजेचं बिल येतं ते ‘बेस्ट’चं, आणि त्याच्या दारावरून धावणारी लाल बसही ‘बेस्ट’चीच. सायन ओलांडून कुर्ल्याकडे गेलं, की बस तीच राहते, विजेची कंपनी मात्र बदलते. इतकी वर्षं हे असंच चालत आल्यामुळे त्यात कुणाला काही खटकत नाही. वास्तविक वीज विकणं आणि माणसं वाहून नेणं हे दोन अगदी निराळे धंदे. ते एकाच संस्थेच्या पदरात कसे पडले, हे शोधत मागे मागे गेलं की आपण एका गाडीपाशी येऊन पोचतो. ती गाडी म्हणजे ट्राम. ३१ मार्च १९६४ च्या रात्री ती शेवटची धावली. आज पासष्टीच्या आत असलेल्या कुणालाही ती आठवत असणं शक्य नाही.

मुंबईबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं. लोकलवर लिहिलं गेलं, गिरण्यांवर आणि चाळींवर तर फारच. ट्रामच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा जुन्या फोटोखालच्या दोन ओळी आल्या. मला हा अन्याय वाटतो. पश्चिमेची रेल्वे समुद्राला धरून गेली, पूर्वेची गोद्यांच्या अंगानं. या दोहोंच्या मधली जी खरी दाटीवाटीची मुंबई, म्हणजे काळबादेवी, गिरगाव, पायधुणी, नळबाजार, भायखळा, लालबाग, परळ, ती एकमेकांशी जोडली ट्रामनं. या शहराचा मधला भाग तिनं बांधला, असं माझं स्वच्छ मत आहे. म्हणूनच ती काढून टाकली तेव्हा नेमकं काय काढून टाकलं, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

*

गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झालं. त्यात आगगाडी आहे, ट्राम नाही. ती अजून यायची होती. तो काळ मात्र असा होता, की मुंबईत काहीही येऊ शकेल असं लोकांना वाटत होतं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचत नव्हता, आणि त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. किल्ल्याच्या भिंती पाडायचं काम सुरू होतं. रोज नवी कंपनी निघत होती, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर अवाच्या सवा किमतीला विकले जात होते. या भरात १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं घोड्यांच्या ट्रामसाठी परवाना मागितला आणि तो तिला मिळालाही. पण त्याच वर्षी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, जुलैमध्ये शेअरबाजार झोपला आणि भल्या भल्या पेढ्यांचं दिवाळं वाजलं. ट्रामचा परवाना कागदावरच राहिला.

तो धक्का पचवायला शहराला आठ-नऊ वर्षं लागली. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी रीतसर स्थापन झाली. तिच्यामागे स्टर्न्स आणि किट्रेज ही अमेरिकन मंडळी होती. १८७४ च्या मार्चमध्ये नगरपालिकेशी करार झाला, ट्रामसाठी वेगळा कायदा झाला आणि ९ मे १८७४ या दिवशी घोड्यांची ट्राम रस्त्यावर आली. पहिले मार्ग दोन. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. कलकत्त्यात आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १८७३ मध्ये, ट्राम सुरू झाली होती. पण ती नोव्हेंबरातच गुंडाळली गेली आणि पुन्हा सुरू व्हायला १८८० उजाडलं. मुंबईची ट्राम एकदा सुरू झाली ती जवळजवळ नव्वद वर्षं चालली.

हे दोन मार्ग नीट पाहावेत. दोन्ही जातात पायधुणीला. गव्हर्नरच्या बंगल्याला जाणारी, मलबार हिलवर चढणारी ट्राम कंपनीनं आधी काढली नाही. कापडबाजार, सराफकट्टा, किराण्याच्या वखारी, मंदिरं आणि मशिदी जिथे खांद्याला खांदा लावून उभ्या, तिथे तिनं पहिले रूळ नेले. कंपनी धंद्यासाठी आली होती आणि धंदा गर्दीत होता. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजार भरली होती आणि तिचा फार मोठा हिस्सा याच गल्ल्यांतून राहत होता.

कुलाबा ते पायधुणी भाडं सुरुवातीला ३ आणे ठेवलं होतं आणि तिकीट देण्याची पद्धत नव्हती. ३ आणे त्या काळी थोडे नव्हेत. पण लोकांनी ट्राम उचलून धरली, तसं भाडं २ आण्यांवर आलं, आणि फुकट्यांना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटंही सुरू झाली. भाडं उतरलं ते गर्दी वाढल्यामुळे. सार्वजनिक वाहतुकीचं हे गणित मुंबईनं पहिल्याच वर्षी सोडवून दाखवलं होतं.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं तेव्हा घर्षण फार कमी होतं. खडीच्या रस्त्यावर व्हिक्टोरिया ओढणारी घोड्यांची जोडी जेवढी माणसं नेईल, त्याच्या कितीतरी पट माणसं तीच जोडी रुळावरून नेते. स्वस्ताईचं मूळ या रुळात होतं. पण घोडा तो घोडाच. मुंबईच्या उन्हात आणि पावसात एक जोडी दिवसातले काही तासच कामाला येणार, मग तिला सोडून दुसरी जुंपायची, मग तिसरी. त्यामुळे डब्यांपेक्षा घोड्यांचाच पसारा मोठा. ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीच्या पागांत ९०० घोडे होते असं सांगतात. नऊशे घोड्यांचं रोजचं गवत, चंदी, नालबंद, मोतद्दार आणि रोजची लीद, एवढा संसार ही कंपनी चालवत होती. तिचं ठाणं कुलाब्याला होतं. त्याच कुलाब्यात आज ‘बेस्ट’चं इलेक्ट्रिक हाऊस उभं आहे.

*

विजेनं मुंबईत पहिला प्रयत्न केला तो फसला. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळायचं काम एका कंपनीनं घेतलं, आणि पुढच्याच वर्षी ती बुडाली. मार्केटात पुन्हा गॅसचे दिवे लागले. वीज फक्त दिव्यांसाठी तयार केली, तर यंत्रं चालणार संध्याकाळचे चार-पाच तास आणि उरलेला दिवस थंड पडून राहणार. भांडवल तेवढंच आणि कमाई मात्र पाव दिवसाची, अशानं कंपनी कशी टिकायची?

ट्रामनं ही अडचण सोडवली. ट्राम पहाटेपासून रात्रीपर्यंत धावते, म्हणजे विजेला दिवसभर गिऱ्हाईक मिळतं. संध्याकाळी दिवे आणि दिवसभर ट्राम, अशी सांगड घातली की वीजघर परवडतं. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली निघाली ती याच हिशेबावर, आणि वीज व वाहतूक हा जोडधंदा तिथून सुरू झाला. ७ ऑगस्ट १९०५ रोजी नगरपालिका, ही नवी कंपनी आणि इंग्लंडची ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनी यांच्यात करार झाला. जुन्या घोडा-ट्राम कंपनीची किंमत ठरली ९८ लाख ५० हजार रुपये. वाडीबंदरला ४,३०० किलोवॉटचं वीजघर उभं राहिलं. मागणी वाढत गेली तसं १९१२ मध्ये माझगावजवळ कुसारा इथं दुसरं, मोठं वीजघर आलं. पुढे टाटांची सह्याद्रीतली जलवीज आली आणि १९२६ पासून बेस्टनं स्वतः वीज तयार करायचं थांबवून टाटांची वीज वाटायला घेतली. नंतर कित्येक वर्षं विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघाला. गरीब प्रवाशाच्या तिकिटाला शहरातल्या श्रीमंत दुकानांच्या दिव्यांनी हातभार लावला, असा तो व्यवहार होता. आज तो कायद्याच्या आणि नियामकांच्या कचाट्यात सापडला आहे. पण माझ्या मते मुंबईला मिळालेली ती एक अत्यंत न्याय्य व्यवस्था होती, आणि ती आपल्याला ट्रामनं मिळवून दिली होती.

पहिली विजेची ट्राम ७ मे १९०७ ला निघाली. संध्याकाळी साडेपाच वाजता नगरपालिकेच्या कचेरीपासून सजवलेली गाडी क्रॉफर्ड मार्केटकडे गेली. ते अंतर आपण आज पायी सहज काटतो. पण बघायला जमलेल्या माणसांच्या डोळ्यांसमोर एक भलामोठा डबा घोड्यांशिवाय, धुराशिवाय, डोक्यावरच्या एका तारेच्या जोरावर चालत होता. पुढे मार्ग वाढत गेले, गर्दी वाढत गेली आणि सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. मुंबईकरांना दुमजली बसचं अप्रूप आहे, पण ती १९३७ ची. वरच्या मजल्यावर बसून शहर बघायची सवय तिच्याआधी सतरा वर्षं ट्रामनं लावली होती.

*

लालबागच्या एका चाळीत, गॅलरीच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा या लेखाच्या निमित्तानं भेटले. वय नव्वदीकडे झुकलेलं, ऐकायला थोडं कमी येतं, पण ट्रामचं नाव काढल्यावर ते सरसावून बसले आणि बोलण्याआधी हातांनीच सांगायला लागले. डाव्या हातानं हवेतच एक दांडा धरून तो टप्प्याटप्प्यानं फिरवला, हा वेगाचा. उजव्या हातानं दुसरा दांडा जोर लावून गरगर फिरवला, हा ब्रेकचा. आणि मग उजव्या पायानं फरशीवर टाचेचे ठोके दिले, ठण्-ठण् ठण्-ठण्. ही घंटा. ड्रायव्हर उभ्यानं गाडी चालवायचा, त्याला बसायला जागा नसायची. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून घंटा पायाशी.

“अहो, ती घंटा ऐकूनच आम्ही जिना उतरायचो,” आजोबा म्हणाले. “गाडी चाळीच्या नाक्यावर येईस्तोवर आम्ही खाली.”

ट्रामला पुढचं-मागचं तोंड नसतं. शेवटच्या थांब्याला पोचली की गाडी वळवायची गरज नाही. कंडक्टर खाली उतरून मागे जायचा, छपरावरच्या लांब दांड्याला बांधलेली दोरी ओढून दांडा तारेवरून सोडवायचा आणि तसाच अर्धा फेरा घालत उलट्या बाजूला नेऊन पुन्हा तारेला लावायचा. अंधार पडलेला असला की त्या वेळी निळी ठिणगी उडायची आणि डब्यातले दिवे क्षणभर जाऊन परत यायचे. ड्रायव्हर आपला दांडा काढून घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचा. लाकडी बाकांच्या पाठी उलट्या फिरवल्या की गाडी परतीला तयार. हे सगळं बघायला पोरं दादरला मुद्दाम थांबायची. आजोबांच्या टोळीचा आणखी एक उद्योग होता. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच रुळावर ठेवायचं. ट्राम वरून गेली की त्याची पातळ, धारदार चकती व्हायची. तिला खिळ्यानं दोन भोकं पाडून दोरा ओवला की भिंगरी तयार. त्या भिंगरीनं कुणाच्या तरी हाताला चिरा पडायच्या आणि मग घरी मार बसायचा.

गिरणी कामगार ट्रामनं कामाला जायचे का, हे मी त्यांना मुद्दाम विचारलं. आजोबांनी मान हलवली. गिरणी चाळीपासून भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर. तिथे चालतच जायचं. ट्राम लागायची ती बाकीच्या आयुष्याला. केईएमला कुणी आजारी असलं की, गिरगावात आत्याकडे गणपतीला जायचं असलं की, क्रॉफर्ड मार्केटला लग्नाचं सामान आणायचं असलं की, गावाहून आलेल्या माणसाला राणीची बाग नाहीतर म्युझियम दाखवायचं असलं की. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. वाहतुकीच्या अहवालांत माणूस फक्त कामावर जातो आणि कामावरून येतो. आयुष्यातली इतर सगळी ये-जा, आजारपणाची, नात्यांची, सणांची, बाजाराची, ही त्यात मोजलीच जात नाही. ट्राम त्या ये-जेची गाडी होती. वर्षानुवर्षं एका आण्यात ती माणसाला लांबच्या लांब नेत राहिली. बाईमाणसाला दोन मुलं आणि पिशवी घेऊन चढता येईल अशी ती सावकाश होती आणि तिची पायरीही बेताची उंच होती.

सावकाश चालणारी गाडी रस्त्याच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे शहर चिडलं की त्याचा राग ट्रामवर निघायचा. १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, बहिष्काराच्या दिवशी दंगल उसळली आणि ट्रामगाड्या अडवल्या गेल्या, त्यांच्यावर दगड पडले. त्या दंगलीनं व्यथित होऊन गांधीजींनी उपोषण केलं. आणि शहर खुशीत असलं की त्या खुशीतही ट्राम असायची. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’ चित्रपटातल्या मजरूह सुलतानपुरींच्या गाण्यात मुंबईच्या खुणा एकामागून एक येतात, त्यात इमारती आणि गिरण्यांच्या जोडीला ट्रामही आहे. गाणं आजही ठिकठिकाणी वाजतं. आठ वर्षांनी त्यातली एक खूण रस्त्यावरून नाहीशी झाली.

*

१८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये स्थापन झाला. दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढायचे आणि माणसांना उत्तरेकडे, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर हलवायचं, अशी त्याची योजना. पण गिरगावातल्या कारकुनानं दादरला राहायला जायचं, तर त्याला रोज परत फोर्टात आणून सोडणारं काहीतरी हवं. रेल्वे होतीच. ट्राम त्याला थेट कचेरीच्या दारापर्यंत आणायची. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, किंग्ज सर्कल या वस्त्या ट्रामच्या उत्तरेकडच्या टोकाशी वाढल्या. खोदादाद सर्कलला आजही सारं शहर दादर टीटी म्हणतं. तिथे ट्राम टर्मिनस होतं. त्या चौकात उभं राहिलं तर वर उड्डाणपूल आणि खाली मोटारींचा वेढा. ट्रामचा कुठलाही अवशेष तिथे दिसत नाही.

१९११ च्या शिरगणतीत मुंबई ९ लाख ७९ हजारांवर पोचली होती. जिला शहर पसरणं म्हणतात ती क्रिया रुळांच्या दिशेनं झाली, हे जुन्या नकाशांवर बोट फिरवलं तरी दिसतं.

*

आता ती गेली कशी, ते सांगायला हवं. या भागात मी थोडा जास्त थांबणार आहे.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस निघाली. ती ट्रामच्याच कंपनीनं काढली. बसला रूळ लागत नाहीत, तारा लागत नाहीत, रस्ता खणलेला असला तर ती शेजारच्या गल्लीतून जाते. नवीन वस्तीला रूळ नेण्यापेक्षा बस नेणं केव्हाही स्वस्त. हे सगळं खरं होतं आणि बसचं स्वागत झालं ते योग्यच झालं. मग युद्ध आलं. युद्धाच्या काळात विलायतेतून रूळ आणि सुटे भाग येणं दुरापास्त झालं आणि झिजलेल्या रुळांवरच गाड्या धावत राहिल्या. ७ ऑगस्ट १९४७ ला नगरपालिकेनं कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा तिच्या हाती हा थकलेला संसार आला. नावातल्या ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द आला आणि ‘बेस्ट’ची आद्याक्षरं तीच राहिली.

फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला. त्याच सुमारास मोटारीही वाढल्या. आणि आता रस्त्याच्या मधोमध चालणारी सावकाश ट्राम लोकांच्या डोळ्यांवर यायला लागली. ट्राम थांबली की मागची सगळी रांग थांबे. प्रवासी रस्त्याच्या मध्यात उतरत आणि पदपथापर्यंत पोचेतो दोन बाजूंच्या मोटारींतून वाट काढत. अपघात होत. पावसाळ्यात रुळांच्या कडेचे दगड उखडत आणि स्कूटरचं चाक खाचेत अडके. तक्रारी खऱ्या होत्या. १९५३ पासून तोट्यातले मार्ग एकेक करून बंद करायला सुरुवात झाली.

पण या सगळ्या तक्रारींत एक गृहीत धरलेलं होतं, की रस्ता आधी मोटारीचा आहे आणि ट्राम त्यात घुसली आहे. वस्तुस्थिती उलट होती. रस्त्याच्या मधोमध ट्राम १८७४ पासून होती. मोटार नंतर आली. एका ट्राममध्ये जितकी माणसं जात, तितकीच माणसं मोटारींतून न्यायची तर ट्रामच्या किती तरी पट रस्ता लागे. तरीही रांग अडवल्याचा ठपका ट्रामवर आला. तिला वेगळी, राखीव पट्टी देणं, थांब्यांना उंच कट्टे बांधणं, रूळ बदलणं, यांवर खर्च झाला असता हे कबूल. तो खर्च टाळला गेला, आणि पुढच्या साठ वर्षांत त्याच रस्त्यांवर मोटारींसाठी उड्डाणपुलांवर उड्डाणपूल बांधले गेले. १९६४ सालच्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. जगभर तेव्हा हेच चाललं होतं. मद्रासची ट्राम १९५३ मध्ये गेली, दिल्लीची १९६३ मध्ये. नाशिकला १८८९ मध्ये सुरू झालेली, गावातून नाशिकरोड स्टेशनला जाणारी घोड्यांची छोटी ट्राम तर तिशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली होती. फ्रान्समध्ये नांतनं १९५८ मध्ये आणि स्ट्रासबुर्गनं १९६० मध्ये ट्राम काढून टाकली. फरक पुढे पडला. नांतनं १९८५ मध्ये आणि स्ट्रासबुर्गनं १९९४ मध्ये ती परत आणली, आणि आणताना खासगी गाड्यांची जागा कमी करून तिला दिली.

मुंबईनं एक मधला प्रयोग केला होता, तो फारसा कुणाला ठाऊक नाही. ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू झाली. टायरवर चालणारी बस, पण वीज ट्रामसारखीच वरच्या तारेतून घेणारी. धूर नाही, रूळ नाहीत. २४ मार्च १९७१ ला तीही बंद झाली. आज विजेच्या बसचा एवढा गवगवा होतो तेव्हा मला त्या ट्रॉलीबसची आठवण करून द्यावीशी वाटते. तिच्यावर अजून दहा वर्षं मेहनत घेतली असती तर?

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरला निघाली. डबा खच्चून भरला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. लालबागचे आजोबा तेव्हा ऐन पंचविशीत होते आणि नाक्यावर उभे होते. गाडी अगदी सावकाश गेली, इतकंच ते म्हणाले आणि विषय बदलला.

*

रूळ सगळे काढले गेले नाहीत. पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर डांबर घालून काम भागवलं. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचं काम चाललेलं असताना, २०१७ च्या सुमारास, चौकातल्या फरशीखाली जुने ट्रामचे रूळ निघाले. काळ्या दगडाच्या चौकोनी चिऱ्यांत बसवलेले, गंजलेले, पण जागचे न हललेले. संवर्धन करणाऱ्यांनी ते दिसतील असे ठेवले. मी ते जाऊन पाहिले. रुळाच्या मधोमध चाकाची कड फिरायला ठेवलेली खाच आहे. तिच्यात बोट घातलं तर आतली बाजू गुळगुळीत लागते. लाखो फेऱ्यांनी घासलेला तो गुळगुळीतपणा. कचेऱ्या सुटायची वेळ होती, माणसं त्या रुळांवरून चर्चगेटकडे धावत होती. खाली कुणी पाहत नव्हतं.

२०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. तिची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी, गिरगाव ही स्थानकं म्हणजे थेट जुन्या ट्रामचा मुलूख. त्या वस्तीला रुळावरची गाडी परत मिळायला एकसष्ट वर्षं लागली, आणि ती मिळाली जमिनीच्या पोटात, अफाट खर्च करून. मेट्रोला माझा विरोध नाही. ती हवीच होती. पण जमिनीखाली जायची वेळ आली, कारण जमिनीवरची जागा आपण सोडून दिली. दुसरीकडे त्याच काळात किनारी रस्ता झाला, ज्यावर दुचाकीलाही प्रवेश नाही. आणि बेस्टचा स्वतःच्या मालकीचा ताफा आटत चालला आहे, गाड्यांचा मोठा भाग कंत्राटदारांचा आहे, आणि किमान भाडं दुप्पट झालं तेही ९ मे २०२५ ला, म्हणजे पहिली ट्राम सुरू झाली त्याच तारखेला. पहिल्या वर्षी गर्दी वाढली म्हणून भाडं उतरवणारं हे शहर आहे. त्याच शहरानं आज बसवर पैसा खर्चायचा नाही आणि मग तोटा होतो म्हणून भाडं वाढवायचं, हे मला पटत नाही. मुंबईत ट्राम परत येणार नाही, हे उघड आहे. पण रस्त्याच्या मधोमध असलेली तिची जागा बसला राखून देणं आजही हातचं आहे. रंगाचा पट्टा, दुभाजक आणि तो पाळला जावा म्हणून उभा असलेला पोलिस, एवढंच त्यासाठी लागतं.

आणखी दोन गोष्टी मागायच्या आहेत. पहिली महापालिकेकडे. रस्त्यांचं काँक्रीटीकरण दक्षिण मुंबईत जोरात चालू आहे. खणताना रूळ निघाले तर ते भंगारात घालू नयेत. जिथे शक्य आहे तिथे चार हात लांबीचा तुकडा जागेवर ठेवावा आणि मराठीत पाटी लावावी: कोणता मार्ग, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत.

दुसरी वाचकांकडे. ज्यांनी ट्राम चालवली, ट्राममध्ये तिकिटं फाडली, जी रोज ट्रामनं शाळेत गेली, अशी माणसं आता ऐंशी-नव्वदीची आहेत. आपल्या घरात, इमारतीत, गावी कुणी असेल तर या दिवाळीच्या सुटीत त्यांच्याजवळ तासभर बसा. कोणत्या थांब्यावर चढत होता, भाडं किती होतं, कंडक्टर कसा होता, हे विचारा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. कपाटात जुनं तिकीट, पास, बिल्ला, फोटो सापडला तर तो रद्दीत देऊ नका. अणिक आगारात बेस्टचं वस्तुसंग्रहालय आहे, तिथे नेऊन दाखवा.